पायाने ओढलेली तार

पेडल स्टील गिटार या नावातले ‘स्टील’ वाद्याच्या अंगात नसते, वादकाच्या डाव्या हातात असते. ती एक पोलादी कांडी असते. सव्वातीन-साडेतीन इंच लांब, साधारण २२ मिलिमीटर व्यासाची, एका टोकाला गोळीसारखी गोल केलेली आणि आरशासारखी चकचकीत. जालन्याच्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून निघणाऱ्या २० आणि २५ एमएमच्या सळयांच्या मधोमध तिची जाडी बसते. वजन पाव किलोच्या आसपास भरते. फरक आहे तो पृष्ठभागाचा. सळईने काँक्रीट घट्ट धरावे म्हणून तिच्या अंगावर तिरक्या धारा काढतात. कांडीला तारेवरून सरकायचे असते, म्हणून तिच्यावर नखाला लागेल एवढाही ओरखडा चालत नाही. ओरखडा असला की तो तारेत खरखर होऊन ऐकू येतो.

वाद्य गिटारसारखे दिसतही नाही. चार पायांवर उभे असलेले अरुंद लाकडी टेबल, त्यावर एक किंवा दोन पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर बहुधा दहा तारा. पुढच्या दोन पायांच्या मध्ये पेडलांची रांग आणि टेबलाच्या पोटाखाली रॉड, शाफ्ट, स्प्रिंग, क्रँक यांचे जाळे. वादक मागे खुर्चीवर बसतो. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या हातात कांडी, डावा पाय पेडलांवर, उजवा पाय आवाज लहान-मोठा करणाऱ्या वेगळ्या पेडलवर आणि दोन्ही गुडघे खाली लोंबणाऱ्या लिव्हरांच्या मध्ये. संगीत नाटकाच्या पायपेटीलाही पेडल असते, पण ते भात्यात हवा भरते. सूर बदलणे त्याचे काम नाही. इथे पेडल दाबले की तार ओढली जाते आणि सूरच बदलतो. १९४० ते १९८० या चाळीस वर्षांतल्या जुन्या पेडल स्टील गिटारींमध्ये जे फरक दिसतात, ते मुख्यतः ही तार कशी ओढायची या एका प्रश्नाच्या वेगवेगळ्या उत्तरांमुळे पडलेले आहेत.

तारेवर काहीतरी सरकवून सूर काढण्याची रीत मराठवाड्याला परकी नाही. जालन्यापासून पाऊणशे किलोमीटरवर देवगिरी आहे. तिथल्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात वर्णन केलेल्या एकतंत्री वीणेला पडदे नाहीत. डाव्या हातातली बांबूची कांबी तारेवर सरकवून ती वाजवायची. विचित्र वीणा आणि दक्षिणेतले गोट्टुवाद्यम याच कुळातली. गिटारला ही रीत लागली ती हवाई बेटांवर. ओआहू बेटावरच्या लाई गावच्या जोसेफ केकुकूने शाळकरी वयात गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा तुकडा सरकवायला सुरुवात केली, असे मानले जाते. त्याचा जन्म १८७४ चा. सॅन फ्रान्सिस्कोत १९१५ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर हे वेड अमेरिकाभर पसरले आणि पुढे जहाजांबरोबर, तबकड्यांबरोबर हिंदुस्थानातही आले.

विजेवर वाजणारी पहिली यशस्वी गिटारही मांडीवरचीच होती. रिकनबॅकरची १९३२ ची ‘फ्राइंग पॅन’ अख्खी ॲल्युमिनियम ओतून केलेली होती. दांडा आणि थाळीसारखे पोट एकाच ओतीव तुकड्यात. ओतकामाच्या दृष्टीने ती सुबक होती, पण तिच्यात एक खोट होती. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. रंगमंचावरच्या दिव्यांखाली गिटारचे अंग तारांपेक्षा जास्त वाढे, तारा ताणल्या जात आणि वाद्य बेसूर होई. म्हणून १९३५ मध्ये त्याच कंपनीने बेकेलाइटची गिटार काढली. धातूची निवड थेट सुरावर कशी परिणाम करते याचा हा पहिला धडा. तो पुढच्या प्रत्येक कारागिराला पुन्हा गिरवावा लागला.

मांडीवरच्या गिटारची खरी अडचण मात्र वेगळी होती. कांडी सरळ असते. ती सगळ्या तारांना एकाच अंतरावर दाबते, त्यामुळे तारा ज्या स्वरांत लावल्या असतील त्यांचे आपसातले नाते कांडी कुठेही नेली तरी तेच राहते. तारा सा, ग, प अशा लावल्या तर पट्टीभर कुठेही सा-ग-प हाच मेळ मिळणार. एकट्या तारेवर राग वाजवणाऱ्याला याची अडचण नाही. पाश्चात्त्य संगीतात मात्र एकाच वेळी तीन-चार स्वर वाजतात आणि त्यांचा मेळ दर दोन-चार मात्रांना बदलतो. त्यावरचा पहिला उपाय गवंडी पद्धतीचा होता, म्हणजे एकावर एक रचत जाण्याचा. एका पट्टीऐवजी दोन, तीन, चार पट्ट्या, प्रत्येक वेगळ्या स्वरांत लावलेली. वाद्य मांडीवर मावेना, म्हणून त्याला पाय लावले. पण गाण्याच्या मध्येच एका पट्टीवरून दुसरीवर हात उचलून न्यावा लागे आणि तिथे सूर तुटे.

पेडलने काय साधले, ते आपल्या स्वरांत सांगितले की लगेच कळते. सध्या सर्वांत रूढ असलेल्या ‘ई नाइन’ लावणीत ई हा षड्ज धरला, तर मधल्या तीन तारा सा, ग आणि प येतात. पहिले पेडल प च्या तारेला ओढून ध वर नेते. दुसरे पेडल ग ला ओढून शुद्ध म वर नेते. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चा मेळ सा-म-ध होतो, आणि हे होत असताना सा जागेवर स्थिर असतो. तिन्ही तारा वाजत असताना पेडल दाबले तर दोन स्वर मींड घेत वर चढतात आणि तिसरा हलत नाही. सतारीवर तार आडवी ओढून मींड घेता येते, पण ती एका वेळी एका तारेवर. संवादिनीत तर मींडच नाही. एक स्वर धरून त्याच्या शेजारचे दोन स्वर सरकवणे, आणि तेही हात मोकळे ठेवून, हे या वाद्याचे स्वतःचे वैशिष्ट्य आहे.

आता हे ओढणे किती बारीक काम आहे ते पाहावे. सर्वांत उंच ग ची तार ०·०११ इंच जाडीची पोलादी तार असते. तिची वाजणारी लांबी चोवीस ते सव्वाचोवीस इंच. गणिताने तिच्यावरचा ताण सुमारे पावणेतेरा किलो येतो. ती अर्धा स्वर चढवायची तर ताण बारा टक्क्यांनी वाढवावा लागतो, म्हणजे सव्वाचौदा किलोच्या थोडा वर न्यावा लागतो. तेवढ्यासाठी तार किती ओढावी लागते? एक मिलिमीटरही नाही. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात, आणि या तारेवर एक सेंट म्हणजे मिलिमीटरचा सुमारे शंभरावा हिस्सा. वर्कशॉपच्या भाषेत सांगायचे तर एका थाऊची, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाची, चूक म्हणजे तीन सेंटांची चूक. तयार कानाला पाच-सहा सेंट खटकतात. पायाने दाबायच्या, रोज घडी घालून गाडीत टाकायच्या, लाकडावर बसवलेल्या यंत्रणेकडून दर वेळी दोन थाऊच्या आत काम मागायचे, आणि पाय उचलला की तार तितक्याच अचूक जागी परत यायला हवी. लेथवर काम करणाऱ्या कोणालाही यातली कठीणता समजावून सांगावी लागणार नाही. जुने पेडल स्टील घडवणाऱ्यांमधले काही उत्तम लोक संगीताइतकेच धातुकामातून आले, ते यामुळेच.

यंत्रणेचा मार्ग असा. पेडल खाली गेले की त्याला जोडलेला उभा रॉड खाली ओढला जातो. तो टेबलाखालच्या आडव्या शाफ्टला थोडे फिरवतो. शाफ्टवर बेल क्रँक बसवलेले असतात. शाफ्ट फिरला की क्रँक कलतो आणि त्याच्यात अडकवलेला लांब आडवा रॉड ओढतो. हा रॉड उजव्या टोकाच्या ‘चेंजर’पर्यंत जातो. चेंजर हे या वाद्याचे हृदय. साध्या गिटारला घोडी असते तिथे इथे प्रत्येक तारेसाठी स्वतंत्र धातूचे ‘फिंगर’ असते, वरून अर्धगोल. तार त्याच्यावरून वळून खाली अडकते. सगळी फिंगरे एकाच आसावर ओवलेली असतात आणि रॉडने ओढले की आपापली कलतात. डाव्या टोकाला खुंट्यांजवळ प्रत्येक तारेखाली छोटे चाक असते, कारण ओढताना तार तिथेही सरकते आणि घर्षणाने अडली तर जागेवर परत येत नाही.

ही रचना एकदम सुचलेली नाही. गिब्सन कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ‘इलेक्ट्राहार्प’ काढले. पेडलने तार बदलणे हार्पवाल्यांना आधीपासून ठाऊक होते. पॅरिसच्या एरारने १८१० मध्ये हार्पच्या पेडलांची यंत्रणा पक्की केली होती, आणि गिब्सनच्या वाद्याचे नाव त्याचीच आठवण ठेवते. इलेक्ट्राहार्पची पेडले डाव्या बाजूला एका ठिकाणी पंख्यासारखी गोळा केलेली होती. युद्धाने उत्पादन थांबवले. युद्धानंतर इंडियानापोलिसच्या हार्लिन बंधूंचे ‘मल्टी-कॉर्ड’ आले, स्वस्त आणि घरोघरी पोचणारे. पण या दोन्हींत पेडलचा उपयोग मेळ आधी बदलून ठेवण्यापुरता मानला जाई. पेडल दाबायचे, मग तारा छेडायच्या.

ज्याने या वाद्याला आजचा आकार दिला तो पॉल बिग्सबी कॅलिफोर्नियातल्या डाउनीचा. तो मोटारसायकलच्या शर्यतींत उतरणारा आणि क्रॉकर मोटारसायकलच्या कारखान्यात पॅटर्नमेकर म्हणून काम केलेला माणूस. लाकडात नमुना कोरायचा, वाळूत साचा घ्यायचा, ॲल्युमिनियम ओतायचे आणि घासून झळाळी आणायची, हे त्याच्या हातचे काम. १९४८ मध्ये त्याने स्पीडी वेस्ट या वादकासाठी तीन पट्ट्यांचे, चार पेडलांचे वाद्य केले. पेडले पुढच्या दोन पायांमधल्या आडव्या दांडीवर एका रांगेत बसवण्याची पद्धत त्याची, आणि ती आजवर बदललेली नाही. बिग्सबीचे अंग ठिपकेदार मेपलचे, भाग ओतीव ॲल्युमिनियमचे. त्याची वाद्ये मोजकीच झाली, एकेक हाताने. आज ती पाहिली की जाणवते ते मापातले नेटकेपण. कुठलाच भाग गरजेपेक्षा जाड नाही, आणि कुठेही शोभेसाठी धातू चिकटवलेला नाही.

बिग्सबीच्याच वाद्यावर बड आयझॅक्स या वादकाने गायक वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात तारा वाजत असतानाच पेडल दाबले. तबकडी १९५४ मध्ये बाहेर आली आणि तो चढता, पाण्यासारखा वाहणारा मेळ ऐकून देशभरच्या वादकांनी मांडीवरच्या गिटारीला घरच्या घरी पेडले लावायला सुरुवात केली, कोणी गाडीच्या सुट्या भागांची, कोणी दाराच्या बिजागऱ्यांची. आयझॅक्सच्या वाद्यात एकच पेडल दोन्ही सूर चढवी. ते काम दोन पेडलांत वाटून घेण्याची कल्पना बडी एमन्स या वादकाची, आणि वर सांगितलेली प-ध, ग-म ची जोडी तिथून आली. गुडघ्याच्या लिव्हरांचे श्रेय बहुतेक जण झेन बेकला देतात.

लिओ फेंडरने १९५०च्या दशकाच्या अखेरीस ‘१०००’ आणि ‘४००’ ही मॉडेले काढली. त्यात रॉडऐवजी केबल होती, सायकलच्या ब्रेकसारखी ताणलेली. फायदा उघड होता. कोणते पेडल कोणती तार ओढणार हे बदलायचे तर केबलचे टोक हलवले की झाले. तोटाही तितकाच उघड. केबल वापराने लांबते, म्हणजे पाय तेवढाच दाबला तरी तार कमी ओढली जाते. फेंडर यंत्राने, साच्यात, मोठ्या संख्येने माल काढणारा कारखानदार होता आणि ही वाद्ये तशीच आहेत, मजबूत आणि सरळसोट. स्नीकी पीट क्लाइनोव्ह या वादकाने फेंडर ४०० वाजवून दाखवले की त्यातही वेगळा आवाज दडलेला आहे.

दुसरा प्रवाह नॅशव्हिलचा. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यात ‘शो-बड’ सुरू केली. दोघांच्या नावांतून नाव झाले. पहिल्या मॉडेलला ‘पर्मनंट’ म्हणतात, कारण कोणते पेडल काय करणार हे एकदा बसवले की सहज बदलता येत नसे. पुढच्या ‘फिंगरटिप’मध्ये पेडलने लागणारा सूर वाद्याच्या उजव्या बाजूने, बोटांनीच लावता येऊ लागला. नाव तिथून पडले. नंतरच्या शो-बडची ओळख तिच्या पट्टीवरच्या पत्त्यांच्या नक्षीवरून पटते, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. अंग बहुधा नक्षीदार मेपलचे, लाखेसारख्या चकचकीत लेपाचे. शिकाऊंसाठी काढलेली ‘मॅव्हरिक’ मात्र त्यांच्यातली सर्वांत साधी. १९७०च्या दशकातल्या काही शो-बडमध्ये स्वस्त झिंकमिश्र ओतीव भाग वापरलेले दिसतात. ते तडकतात, आणि जुनी शो-बड घेणाऱ्याने आधी खाली वाकून तेच पाहावे.

एमन्स १९६३ च्या सुमारास बाहेर पडला आणि उत्तर कॅरोलिनातल्या बर्लिंग्टनमध्ये रॉन लॅशली या इंजिनिअरबरोबर त्याने स्वतःची कंपनी काढली. तिथे जी यंत्रणा झाली तिला ‘पुश-पुल’ म्हणतात, आणि जुन्या पेडल स्टीलच्या सगळ्या चर्चा शेवटी तिच्यापाशी येऊन थांबतात.

हे समजायचे तर सूर चढवणे आणि उतरवणे यांतला फरक ध्यानात घ्यावा लागेल. चढवणे सोपे आहे, तार ओढायची. उतरवायचे तर तार सैल करायची, आणि सैल करून पुन्हा नेमकी मूळ जागी आणायची. सर्वांत जुन्या पद्धतीत तारेला जोरकस स्प्रिंगने आधीच ताणून धरलेले असे. पेडल त्या स्प्रिंगला सोडवी आणि तार उतरे. स्प्रिंग जुनी झाली, थंडी-उष्णतेत थोडी बदलली, की मोकळा सूरही बदले. पुश-पुलमध्ये चढवण्यासाठी एक रॉड फिंगरला ओढतो आणि उतरवण्यासाठी दुसरा रॉड त्याच्याच यंत्रणेला उलट बाजूने ढकलतो. विसाव्याच्या वेळी फिंगर कशावरही तरंगत नाही. ते वाद्याच्या अंगाशी पक्क्या थांब्याला टेकून बसते. धातू धातूला टेकलेला, धातू लाकडाला टेकलेला, मध्ये लवचीक असे काही नाही. तारेचे कंपन या घट्ट वाटेने अंगात उतरते, आणि पुश-पुलच्या भरदार, लांब टिकणाऱ्या आवाजाचे कारण बहुतेक मेकॅनिक हेच सांगतात. किंमतही मोजावी लागते. सूर लावताना आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला असे मागे-पुढे जावे लागते, आणि एका तारेवर अनेक पेडलांचे बदल बसवणे किचकट होते.

नंतर सगळ्यांनी स्वीकारली ती ‘ऑल-पुल’ पद्धत. डॅलसच्या एमएसए कंपनीची १९७०च्या दशकातली वाद्ये तिची नमुनेदार उदाहरणे आहेत. यात प्रत्येक तारेला दोन फिंगरे. वरचे तारेला धरते. खालचे परतीच्या स्प्रिंगने आपल्या जागी दाबून ठेवलेले असते आणि वरच्याला आधार देते. चढवणारा रॉड वरचे फिंगर ओढतो. उतरवणारा रॉड खालचे फिंगर ओढतो. आधार सरकला की तारेचाच ताण वरच्या फिंगरला खाली कलवतो. म्हणजे दोन्ही कामांत रॉड फक्त ओढला जातो, ढकलला कधीच जात नाही. बारीक रॉड ढकलला तर वाकतो, ओढला तर वाकत नाही. यांत्रिक दृष्टीने हीच रचना जास्त शहाणी आहे. प्रत्येक रॉडच्या शेवटी नायलॉनची टोपी असते. बाजूने छोटी चावी लावून ती फिरवली की तेवढाच एक सूर लागतो, बाकीच्यांना धक्का लागत नाही. एमन्स कंपनीनेही १९८०च्या दशकात पुश-पुल सोडून हीच वाट धरली. आवाजाच्या बाबतीत मात्र अनेक वादक अजून पुश-पुलच वरचढ मानतात. ऐकून पाहिले तर ते म्हणणे नुसत्या जुन्याच्या ओढीने केलेले वाटत नाही. विसावलेले फिंगर स्प्रिंगच्या दाबावर उभे असणे आणि थेट अंगाला टेकलेले असणे यांत फरक पडणारच.

अंगाचा प्रश्नही ताणाशीच जोडलेला आहे. दहा तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर जातो. त्यात दोन पेडले दाबली की आणखी भर पडते, कारण पूर्ण एक स्वर चढवायला तारेचा ताण चौथाईहून जास्त वाढवावा लागतो. त्या ओढीने लाकडी अंग किंचित वाकते, आणि ज्या तारांना कोणी हातही लावलेला नाही त्या काही सेंट खाली उतरतात. म्हणून प्रत्येक चांगल्या कारागिराने कठीण मेपल निवडले. शो-बडने ते उघडे ठेवून त्याची नक्षी दाखवली. एमन्सने त्यावर फॉर्मायका चढवला, ज्याला आपल्याकडे घरोघरी सनमायका म्हणतात. काळ्या सनमायकाची, झळाळत्या ॲल्युमिनियमच्या कडांची एमन्स दुरूनही ओळखू येते. सनमायका शोभेसाठी नव्हे. तो दमट हवेत लाकडाला हलू देत नाही आणि रोजच्या चढउतारात ओरखडे खात नाही. पट्टीखालची ‘नेक’ एमन्समध्ये बहुधा ॲल्युमिनियमची, शो-बडमध्ये बहुधा लाकडाची. ॲल्युमिनियमचा आवाज उजळ, लाकडाचा गोलसर, असे वादक म्हणतात. त्यात नेकचा वाटा किती आणि बाकी यंत्रणेचा किती, हे वेगळे काढून दाखवणे अवघड आहे, कारण कोणीही एकच वाद्य दोन नेकांवर वाजवत नाही. झेन बेकने सुरू केलेली झेडबी आणखी वेगळी. तिचा चेंजर कोणासारखाच नाही. गिटारवादक जेरी गार्सियाने १९७० च्या ‘टीच युवर चिल्ड्रन’ या गाण्यात पेडल स्टील वाजवले, तेव्हा त्याच्याकडे झेडबीच होती.

तारेचे कंपन विजेत बदलणाऱ्या पिकअपबद्दल थोडक्यात सांगता येईल. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. जुन्या बिग्सबी, शो-बड, एमन्समध्ये एकाच कॉइलचे, त्यामुळे आवाज स्वच्छ पण जवळच्या ट्रान्सफॉर्मरची घरघरही पकडणारे. दोन कॉइलचे पिकअप ती घरघर मारतात आणि टोकाची धार थोडी बोथट करतात.

मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत हवाईयन गिटार १९५०च्या दशकापासून घरची झाली. व्हॅन शिपली आणि एस. हजारा सिंग यांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्या घराघरांत वाजल्या. पण ती मांडीवरची किंवा पायांवर उभी, बिनापेडलची गिटार होती. पेडल हिंदुस्थानात रुजले नाही याचे कारण आयातीची अडचण किंवा किंमत एवढेच नाही. पेडलने सोडवलेला प्रश्नच इथे नव्हता. मेळ बदलायचा नव्हता. एका तारेवरून मींड घ्यायची होती, आणि तिच्यासाठी कांडी पुरेशी होती. ब्रिजभूषण काबरा यांनी १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर वाजवलेली गिटार ऐकली की हे पटते. इथल्या कारागिरांनी गिटारला पाय आणि रॉड लावण्याऐवजी चिकारी आणि तरफा लावल्या. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा, जिच्यावरच्या वादनाला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले, ती याच वाटेची. अमेरिकेतल्या कारागिराने गिटारला मेळ बदलायला शिकवले, इथल्याने तिला गुंजायला शिकवले. दोघेही केकुकूच्याच कांडीपासून निघाले.

जुन्या वाद्याची पारख करायची असेल तर ते उलटे करून पाहावे. वरून सगळी सारखीच दिसतात. खाली केबल असेल तर बहुधा फेंडर. प्रत्येक रॉडच्या टोकाला नायलॉनच्या टोप्या असतील तर ऑल-पुल. मग पेडल दाबून-सोडून तार परत त्याच सुरावर येते का ते ट्यूनरवर दहा-वीस वेळा पाहावे. येत नसेल तर दोष बहुधा आसावरच्या ढिलेपणात किंवा सुकलेल्या वंगणात असतो. आसाला चिकट ग्रीस कधी लावू नये. ते धूळ धरते आणि फिंगरे जड होतात. पातळ तेलाचा एक थेंब पुरतो.

यातल्या अनेक मॉडेलांचे भाग आता कारखान्यातून मिळत नाहीत. शो-बडचा मूळ कारखाना १९८०च्या दशकात बंद झाला. पण बेल क्रँक, शाफ्ट, बुश, रॉडचे टोक हे कुठल्याही नीट टूलरूममध्ये होण्यासारखे जॉब आहेत. माप व्हर्नियरने घेता येते, आणि जालन्याच्या एमआयडीसीत लेथ व मिलिंगवर काम करणाऱ्याला त्यात काही नवे नाही. एकच अट पाळावी. भाग ज्या धातूचा होता त्याच धातूचा करावा. ॲल्युमिनियमच्या जागी पितळ बसवले तर वाद्य चालेल, पण त्याचा आवाज बदललेला असेल आणि तो मूळचा नसेल. आणि जुन्या वाद्याचा तुटलेला भागही फेकू नये. नवा करणाऱ्या टर्नरला माप घ्यायला तोच लागतो.